आज्ञा आणि लहर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण लागला होता; पण बीडच्या माळावर अद्याप जेमतेम दोनच सरी पडलेल्या होत्या. सायंकाळची प्रार्थना आटोपून मी ओसरीवर बसलो होतो. आमच्या मिशनच्या कुंपणाला लागून असलेल्या घरात एक सहायक पोलीस निरीक्षक भाड्याने राहात. ते धर्माने ख्रिस्ती नव्हते. परंतु नाताळात करंज्यांचे ताट आमच्याकडून त्यांच्या घरी जाई आणि दिवाळीत तेच ताट फराळाने भरून परत येई, एवढा आमचा घरोबा. त्या संध्याकाळी ते गणवेषातच आले. हातात एक कागद होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. ‘प्रशासकीय कारणास्तव’ त्यांची बदली झाली होती. ठाण्यात येऊन त्यांना अवघे चौदा महिने झाले होते.

कागदावर लिहिलेले कारण दोन शब्दांचे होते. ठाण्यात सर्वांना ठाऊक असलेले कारण वेगळे होते. ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईने तक्रार दिली होती की, उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने तिच्या तरुण मुलाला डांबून ठेवले आहे. आमच्या या शेजाऱ्यांनी मुलाला सोडवून आणले आणि रीतसर गुन्हा नोंदवला. मुकादमाच्या पाठीशी वजनदार माणसे होती. ‘मिटवून घ्या’ असे दोनदा सांगून झाले. तिसऱ्यांदा कोणी काही सांगितले नाही. सरळ कागदच आला.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फादर, तुमचीही बदली होते. तेव्हा तुम्ही काय करता?”

मी हसून म्हणालो, “ट्रंक भरतो.”

“मग मीही भरू?” त्यांनी विचारले. “की कोर्टात जाऊ? वकील म्हणतात, आदेश टिकणार नाही. पण मी शिस्तीच्या खात्यातला माणूस. वरिष्ठांच्या हुकमाविरुद्ध दाद मागणं, हे मनाला पटत नाही. तुम्ही धर्माचं शिकलेले आहात. तुम्ही सांगा, यात चूक काय आणि बरोबर काय?”

त्या रात्री मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही आज्ञापालनावर पुष्कळ वाचले होते. पण ती सारी वाक्ये त्या एका कागदापुढे अपुरी वाटली. त्यानंतर या प्रश्नावर मी जो काही विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बदली ही मुळात अन्याय नव्हे. सरकारी नोकरी ही कोणाची वतनदारी नाही. एकाच ठाण्यात दहा वर्षे राहिलेला पोलीस गावाचा सेवक राहात नाही. तो गावातील गटातटांचा सोयरा होतो. वाळूवाले कोण, मटकेवाले कोण, हे त्याला ठाऊक होते. पुढे त्यांच्याशी त्याची ओळख होते आणि ओळखीचे रूपांतर कशात होते, ते सांगण्याची गरज नाही. म्हणून माणसे हलवावी लागतात. न्यायालयांनीही हे तत्त्व सातत्याने उचलून धरले आहे. शिल्पी बोस खटल्यात १९९१ साली आणि अब्बास खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बदली हा नोकरीचाच एक भाग आहे. बंधनकारक नियमाचा भंग झालेला असेल किंवा आदेशामागे दुष्ट हेतू असेल, तरच न्यायालयाने त्यात हात घालावा. हे योग्यच आहे. कोणाला कोठे बसवावे हे न्यायाधीश ठरवू लागले, तर राज्यकारभार चालणार नाही.

मग प्रश्न उरतो तो असा: आज्ञा कोणती आणि लहर कोणती, हे ओळखावे कसे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात कायद्याची जी व्याख्या केली, तिच्यात चार गोष्टी आहेत. कायदा हा विवेकाचा आदेश असला पाहिजे. तो सर्वांच्या हितासाठी असला पाहिजे. ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने तो दिलेला असला पाहिजे. आणि तो उघडपणे जाहीर झालेला असला पाहिजे. या चार कसोट्या आमच्या शेजाऱ्यांच्या हातातील कागदाला लावून पाहा. तो अधिकाऱ्याच्या सहीने निघाला होता, हे खरे. तो जाहीरही झाला होता. पण त्यात विवेक कोठे होता? सर्वांचे हित कोठे होते? सही अधिकाऱ्याची होती आणि इच्छा भलत्याचीच होती. ज्या आज्ञेमागचे खरे कारण सांगण्याची आज्ञा देणाऱ्याला लाज वाटते, ती आज्ञा नव्हे; आज्ञेचा पोशाख चढवलेली ती लहर होय.

आपल्या देशाच्या न्यायशास्त्रात हाच विचार १९७४ साली एका बदलीच्या खटल्यातूनच रुजला. तमिळनाडूचे मुख्य सचिव रॉयप्पा यांना त्या पदावरून दुसऱ्या पदावर हलविण्यात आले होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. दुष्ट हेतू सिद्ध झाला नाही. परंतु त्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी मांडलेला एक विचार पुढच्या शेकडो निकालांचा पाया ठरला. समता आणि मनमानी या एकमेकींच्या हाडवैरिणी आहेत. जेथे मनमानी आहे तेथे समता नांदू शकत नाही, असा त्याचा आशय. माणूस खटला हरला आणि तत्त्व जिंकले. इतिहासात असे कधी कधी घडते.

याहून जुनी एक कथा कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगतात. १७१८ साली इंग्लंडमध्ये बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या केंब्रिज विद्यापीठाने त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या. तो न्यायालयात गेला. तेव्हा एका न्यायमूर्तींनी उत्पत्तीच्या पुस्तकाची आठवण करून दिली. आदामाने काय केले हे देवाला ठाऊक नव्हते काय? तरीही देवाने शिक्षा देण्याआधी त्याला हाक मारली, विचारले, उत्तर ऐकून घेतले. सर्वज्ञ परमेश्वराने जे टाळले नाही, ते मर्यादित बुद्धीच्या माणसाने टाळावे, हे कसे? बदलीच्या आधी प्रत्येकाची सुनावणी घ्यावी असे आपला कायदा म्हणत नाही, आणि ते शक्यही नाही. पण कारण असावे, ते खरे असावे आणि ते लिहून ठेवावे, एवढे तरी त्या जुन्या बागेतील प्रसंगापासून शिकता येते.

आता पोलीस खात्याकडे वळू. हे खाते अन्य खात्यांपेक्षा निराळे का? पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याची अवेळी बदली झाली तर कालव्याचे काम लांबते. पोलीस अधिकाऱ्याची अवेळी बदली झाली तर साक्षीदार फिरतो, पुरावा हरवतो आणि फिर्यादीच्या दारात पुन्हा तीच माणसे येऊन उभी राहतात. म्हणूनच ज्याला कायद्याला लगाम घालायचा असतो तो कायदा बदलीत नाही; कायदा राबवणारा माणूस बदलतो. ते स्वस्त पडते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ साली पोलीस कायदा केला. प्रजेची सेवा हा त्याचा हेतू नव्हता. राज्यकर्त्यांच्या हाती एक आज्ञाधारक दल असावे, हा होता. स्वातंत्र्य आले, तरी तो साचा फारसा बदलला नाही. आणीबाणीच्या कटु अनुभवानंतर १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमण्यात आला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. बदलीची आणि निलंबनाची भीती दाखवून पोलिसांना वाकवले जाते, हे त्या आयोगाने स्पष्टपणे नोंदवले. अहवाल कपाटात गेले.

पंधरा वर्षांनी, १९९६ साली, प्रकाश सिंह नावाचे निवृत्त पोलीस महासंचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ते स्वतः उत्तर प्रदेशच्या पोलीस दलाचे आणि पुढे सीमा सुरक्षा दलाचे प्रमुख राहिलेले. निवृत्तीनंतर अशा माणसाला काय कमी होते? पण आपण भोगले ते पुढच्यांनी भोगू नये, म्हणून त्यांनी ही याचिका केली. दहा वर्षे ती चालली. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतील आपल्या विषयापुरते दोन: पोलीस अधीक्षक आणि ठाणे अंमलदार यांच्यासारख्या प्रत्यक्ष जबाबदारीच्या पदांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे मिळावीत, आणि बदल्यांचा निर्णय एका माणसाच्या मर्जीवर न सोडता पोलीस आस्थापना मंडळाने घ्यावा.

महाराष्ट्रात त्याआधीच पाऊल पडले होते. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर सरकारी नोकरांच्या बदल्यांचे नियमन करणारा २००५ चा कायदा झाला आणि तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि मुदतीआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता, अशी त्याची रचना. पोलिसांपुरती स्वतंत्र व्यवस्था २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस कायद्यात आली. कलम २२-एन प्रमाणे शिपाई-हवालदारांना एका जागी पाच वर्षे. उपनिरीक्षकापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांना एका ठाण्यात दोन वर्षे, एका जिल्ह्यात चार आणि परिक्षेत्रात आठ वर्षे. त्याआधी हलवायचे असेल तर अपवादात्मक परिस्थिती, जनहित आणि प्रशासकीय निकड दिसली पाहिजे.

या कायद्याचा भंग झाला तर दाद मागण्याची जागा म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. १९९१ साली ते सुरू झाले. आमच्या बीडच्या माणसाला त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही; पूर्वीच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्याचे खंडपीठ आहे. तेथे बदलीच्या प्रकरणात होते काय, हे समजून घेण्यासारखे आहे. अधिकारी चांगला की वाईट, याचा निवाडा सहसा होत नाही. सदस्य साधे प्रश्न विचारतात. आस्थापना मंडळाची बैठक झाली होती का? मंडळ कायद्याप्रमाणे बनले होते का? इतिवृत्त कोठे आहे? त्यात या माणसाविषयी काय लिहिले आहे? पुष्कळदा सरकारी वकिलांपुढच्या फायलीत एकच ओळ सापडते: ‘प्रशासकीय कारणास्तव’. कारण मागितले असता कारण या शब्दाचीच पुनरुक्ती करावी, तसा हा प्रकार. असे आदेश रद्द होतात. तसेच, चौकशी करून शिक्षा देण्याचे टाळण्यासाठी बदली वापरली गेली, तर ती कायद्याच्या दृष्टीने दुष्ट ठरते, हेही सर्वोच्च न्यायालयाने सोमेश तिवारी यांच्या प्रकरणात २००८ च्या निकालपत्रात सांगितले आहे. एका निनावी तक्रारीवरून त्यांना हलवण्यात आले होते आणि तक्रारीत तथ्य आढळले नव्हते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, “म्हणजे बदली ही नेहमी दुष्टांचे हत्यार आणि कार्यकाळ ही सज्जनांची ढाल!” इतके सोपे असते तर हा लेख लिहावाच लागला नसता. आमच्या बीड जिल्ह्यानेच याची दुसरी बाजू दाखवली आहे.

२०१३ च्या भीषण दुष्काळात जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांच्या बदलीची बातमी आली, तेव्हा बीडकर रस्त्यावर उतरले. चांगला अधिकारी आमच्यापासून नेऊ नका, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर अकरा वर्षांनी, ९ डिसेंबर २०२४ रोजी, केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन त्यांचा निर्घृण खून झाला. सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा त्याच जिल्ह्यातील लोक नेमकी उलटी मागणी करीत होते: येथील पोलीस बदला. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात पोलीस अधीक्षकांच्या बदलीची घोषणा केली आणि नवे अधीक्षक आले. पुढे २०२५ साली पोलिसांच्या छातीवरील पट्टीवर आडनाव न लावता केवळ नाव लावण्याची रीत जिल्ह्यात सुरू झाली; पोलिसाकडे पाहताना माणसाने आधी त्याची जात पाहू नये, म्हणून. एका जिल्ह्याला आपल्या पोलिसांची आडनावे झाकावी लागावीत, यात केवढी वेदना आहे, ते आम्ही येथे राहणारे जाणतो.

या दोन प्रसंगांत लोक स्वतःशी विसंगत वागले काय? मला तसे वाटत नाही. दोन्ही वेळी त्यांना एकच गोष्ट हवी होती: जो माणूस आमच्यावर नेमला आहे तो आमचा असावा, कोणा एकाचा नसावा. लोकांचा क्षोभ हे बदलीचे न्याय्य कारण होऊ शकते. मात्र त्याही कारणाला पुरावा लागतो. केरळचे पोलीस महासंचालक सेनकुमार यांना २०१६ साली लोकांच्या असंतोषाचे कारण देऊन हटवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रे तपासली, त्यांत त्या कारणाला पुरेसा आधार आढळला नाही आणि २४ एप्रिल २०१७ रोजी त्यांना पुन्हा त्याच पदावर नेमण्याचा आदेश दिला. लोकांच्या नावाने काहीही करता येते, म्हणूनच लोकांचे नाव जपून घ्यावे लागते.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. जनक्षोभ शमवण्यासाठी जेव्हा एखाद्या अधिकाऱ्याला हलवले जाते, तेव्हा दोनच शक्यता असतात. तो दोषी असेल तर बदली ही फार हलकी शिक्षा झाली. आणि तो निर्दोष असेल तर बदली हा कलंक झाला. दोन्ही बाजूंनी सत्य दडते. चौकशीची जागा बदलीने घेतली की, दोषी सुटतो, निर्दोष डागाळतो आणि लोकांना वाटते की न्याय झाला.

आणि आपण ‘शिक्षेची बदली’ म्हणतो, त्या जागी राहणाऱ्या लोकांचे काय? “गडचिरोलीला पाठवीन” ही धमकी मराठी सिनेमापासून मंत्रालयापर्यंत ऐकू येते. एके काळी आमच्या मराठवाड्याचे नावही असेच घेतले जाई. नालायक ठरवलेला माणूस आदिवासींच्या किंवा दुष्काळी गावांच्या पदरात टाकायचा, म्हणजे त्या गावांतील देवाची लेकरे दुय्यम, असेच आपण म्हणतो. त्या धमकीत अधिकाऱ्याचा अपमान थोडा आणि तेथील गरिबांचा अपमान फार मोठा असतो.

आता शेजाऱ्यांनी मला विचारलेल्या मूळ प्रश्नाकडे येतो. फादर ट्रंक भरतात. मग पोलिसाने का भरू नये?

पंचवीस वर्षांत मी पाच धर्मग्रामे पाहिली. बिशपमहोदयांचे पत्र येते, आणि आम्ही निघतो. दीक्षेच्या दिवशी त्यांच्या हातात हात देऊन आम्ही आज्ञापालनाचे वचन दिलेले असते. लोकांना वाटते, येथे प्रश्नच नाही. पण आपल्या धर्मसभेचा कायदा काय सांगतो, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूच्या बदलीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. जो आपल्या धर्मग्रामात उपयुक्त काम करीत आहे, त्याला हलवायचे असेल तर बिशपांनी तसा प्रस्ताव लेखी द्यावा आणि देवाच्या व लोकांच्या प्रेमाखातर संमती देण्याविषयी त्याचे मन वळवावे. त्याला मान्य नसेल तर त्याने आपली कारणे लेखी मांडावीत. मग बिशपांनी दोन धर्मगुरूंबरोबर त्या कारणांचा विचार करावा. एवढे झाल्यावरच आदेश. त्या संहितेत १७५२ कलमे आहेत आणि शेवटचे कलम याच प्रकरणातले आहे. बदली करताना न्यायबुद्धी राखावी आणि आत्म्यांचे तारण हाच धर्मसभेचा सर्वोच्च कायदा मानावा, अशा अर्थाने तो ग्रंथ संपतो. चर्चच्या साऱ्या कायद्याचा अखेरचा शब्द एका साध्या धर्मगुरूच्या बदलीच्या निमित्ताने उच्चारला जावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

प्रत्यक्षात हे सारे नेहमी पाळले जाते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आमच्यातही न सांगता हलवलेले, मनात कुढत गेलेले बांधव आहेत. पण तत्त्व स्पष्ट आहे. आज्ञापालनाचे वचन घेतलेल्या माणसालाही धर्मसभा तोंड देते, लेखणी देते आणि कारण ऐकण्याचा हक्क देते. आज्ञापालन म्हणजे मुकेपणा नव्हे.

शुभवर्तमानातील शताधिपती आठवा. मी एकाला जा म्हटले की तो जातो, असे तो प्रभूला सांगतो. पण त्याआधी तो म्हणतो की, मीही दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहे. त्याच्या आज्ञेला बळ येते ते येथून. जो स्वतः कोणाच्याच अधिकाराखाली नाही, कायद्याच्याही नाही, त्याची आज्ञा ही केवळ ताकद असते. आणि संत पौल? फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप निघून जायला सांगितले, तेव्हा तो मुकाट्याने निघाला नाही. पुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. ज्याने ख्रिस्तासाठी सर्व काही कचरा मानले, त्याला स्वतःच्या मानाची एवढी काय पर्वा होती? पर्वा होती ती मागून येणाऱ्या दुबळ्यांची. आज पौलाला विनाचौकशी फटके पचले, तर उद्या फिलिप्पैच्या लहानशा मंडळीला कोण वाचवणार?

याची दुसरी बाजूही आपल्याच समाजातील एका ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याने दाखवून दिली आहे. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांना १९८६ साली दहशतवादाने पेटलेल्या पंजाबच्या पोलीस दलाचे प्रमुख म्हणून पाठवण्यात आले. कोणाला हवीशी वाटावी अशी ती नेमणूक नव्हती. त्याच वर्षी जालंधरला त्यांच्यावर गोळीबारही झाला. तरी ते गेले आणि राहिले. जेथे गरज खरी आहे तेथे गैरसोय, धोका, कुटुंबाची ओढाताण हे बदली नाकारण्याचे कारण होत नाही. म्हणजे आज्ञा कठीण आहे म्हणून ती अन्याय्य ठरत नाही, आणि सोपी आहे म्हणून न्याय्यही ठरत नाही.

कायद्यानेही या दोन्ही गोष्टींची सांगड घातली आहे. १९८९ साली गुजरात वीज मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, बदलीविरुद्ध अर्ज केला म्हणून घरी बसता येत नाही. स्थगिती मिळाली नसेल तर नव्या जागी हजर झालेच पाहिजे. दाद मागा, पण काम सोडू नका. आमच्या शेजाऱ्यांना मी शेवटी हेच सांगितले. ट्रंकही भरा आणि अर्जही करा. पाय आज्ञा पाळू देत, जीभ सत्य बोलू दे.

मात्र मी त्यांना एक प्रश्नही विचारला. “तुम्ही हा अर्ज कोणासाठी करता? मुलीची दहावी आहे म्हणून, की त्या बाईची फिर्याद आहे म्हणून?” ते प्रामाणिक गृहस्थ. म्हणाले, “दोन्हीसाठी, फादर.” मला ते उत्तर आवडले. कार्यकाळाची हमी कायद्याने दिली ती अधिकाऱ्याच्या सुखासाठी नव्हे; तो निर्भय राहावा आणि त्याच्या निर्भयतेचा लाभ दुबळ्यांना व्हावा, यासाठी. जो अधिकारी पैसे मोजून मलईदार ठाणे मिळवतो आणि मुदतीआधी हलवले की कायद्याचे पुस्तक उघडतो, त्यालाही न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क आहे. परंतु सद्सद्विवेकबुद्धीच्या न्यायालयात त्याचा अर्ज दाखल होत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले, आम्ही काय करावे म्हणून विचारू लागले. नोकरी सोडा, असे तो म्हणाला नाही. जुलमाने पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, एवढेच त्याने सांगितले. पोलीस खात्याची नीतिसंहिता याहून फार मोठी असण्याची गरज नाही.

येथवर मी इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षिकेची बदली दूरच्या तालुक्यात झाली होती. घरी आजारी सासू, लहान मूल. तिच्यासाठी मी एका पुढाऱ्याला चिठ्ठी लिहिली. काम झाले. मला दयाळूपणा केल्याचे समाधान वाटले. तिच्या जागी त्या दूरच्या गावी कोणाला पाठवले, हे मी कधी विचारले नाही. तिच्याही घरी आजारी माणूस असेल. तिला चिठ्ठी लिहिणारा फादर नसेल. शेजाऱ्यांच्या हातातला तो कागद पाहताना मला माझी चिठ्ठी आठवली. मुकादमाने जे केले तेच मी केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दार एकच होते. नियमाला वळसा घालून मर्जीच्या दाराने आत जाण्याची सवय आपण सज्जनांनी लावली नसती, तर दुर्जनांना ते दार इतके सताड उघडे सापडले नसते.

आपल्या घरांतून शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, तलाठी आहेत, आता पोलीसही होऊ लागले आहेत. त्यांच्या बदलीच्या दिवसांत आपण कोणाकडे धाव घेतो? अर्जात खरी अडचण लिहून तो योग्य अधिकाऱ्याकडे देणे आणि ओळखीच्या माणसाकडून फोन करवणे, यांत अंतर आहे. पहिल्यात मी कायद्यापुढे उभा असतो. दुसऱ्यात मी कायद्याच्या पाठीमागे उभा असतो. ज्याला आपण भ्रष्टाचार म्हणून नावे ठेवतो, त्याची बाराखडी आपल्याच घरात गिरवली जाते.

आमचे शेजारी ठरल्या दिवशी नव्या जागी हजर झाले. त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज दाखल केला. काही महिन्यांनी निकाल लागला. आदेश रद्द झाला. इतिवृत्तात कारण सापडले नव्हते. ते परत आले, तेव्हा थंडी पडली होती आणि कारखाने सुरू झाले होते. आनंदाची बातमी सांगायला ते त्या बाईच्या वस्तीवर गेले. घराला कुलूप होते. दिवाळी सरताच ती कोयता घेऊन कर्नाटकात गेली होती. सोबत तो मुलगाही. मधल्या काळात तपास जागचा हललेला नव्हता. नव्या उचलीच्या कागदावर अंगठा कोणाच्या नावाने उठला, हे विचारण्याची गरज पडली नाही.

“फादर, मी जिंकलो,” ते मला म्हणाले, आणि मग गप्प बसले.

ते जिंकले, हे खरेच होते. त्यांनी अर्ज केला नसता तर तो आदेश कायम झाला असता आणि पुढच्या अधिकाऱ्याने धडा घेतला असता. परंतु न्यायाधिकरण अधिकाऱ्याला खुर्ची परत देऊ शकते. त्या बाईला गेलेले महिने परत देऊ शकत नाही. ते काम त्यांच्या उरलेल्या मुदतीचे होते, आणि शेजारी म्हणून थोडेफार आमचेही. पाडव्यानंतर तांडे परतू लागतात. तोवर फाईल उघडी ठेवायची आणि त्या घराच्या कुलपावर नजर ठेवायची, एवढे आम्ही दोघांनी त्या दिवशी ओसरीवर ठरवले.